सात नंबरचे अडकलेले डबे

वाशिमच्या एका कॉलेजात, मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून एक खोली आहे. त्या खोलीत, कॉलेजात शिकवणाऱ्या मंजुषानं वीस जुने कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडून ठेवले होते. जुने म्हणजे कसले जुने, तर पतसंस्थांनी टाकलेले, सायबर कॅफे बंद पडले तेव्हा पोत्यात भरून आलेले, आणि इमराननं आपल्या रिपेरिंगच्या दुकानात एकेक करून जिवंत केलेले. एकेकटा घेतला तर त्यातला एकही धड नव्हता. पण काम वाटून दिलं आणि वीसही जण एकाच वेळी भिडले, की भल्या भल्या महागड्या मशीनला घाम फोडतील, असं मंजुषाचं म्हणणं होतं. आणि म्हणणं खोटं नव्हतं बरं का. अडचण एवढीच होती, की ते काम शेवटाला जात नव्हतं.

काम होतं पावसाचं. गेल्या पावसाळ्यात जिल्ह्यात जी झड लागली होती, ती पुन्हा एकदा कॉम्प्युटरवर पाडायची, आणि पाणी कुठून निघालं, कुठे शिरलं, हे गावागावाचं दाखवायचं. मंजुषानं जिल्ह्याचा नकाशा वीस तुकड्यांत कापला आणि प्रत्येक मशीनला एक तुकडा दिला. आता पाणी काही तुकड्याची शीव बघून थांबत नाही. एका तुकड्यातून ते दुसऱ्यात उतरलं, की पहिल्या मशीननं दुसऱ्याला निरोप धाडायचा, ‘बाबा, एवढं पाणी तुझ्याकडे येऊन राह्यलं, सांभाळ.’ हा निरोप भरायला मेमरीत थोडी जागा घ्यावी लागते. तिला बफर म्हणतात. मंजुषा वर्गात सरळ डबा म्हणायची. निरोप पोचला की डबा मोकळा करायचा, म्हणजे ती जागा पुढच्या निरोपाला मिळते. नाही केला, तर डबे साचत जातात, मेमरी भरते, आणि मशीन मान टाकतं.

मान टाकायचं ते दर वेळी सात नंबरचं मशीन. पाऊस अर्ध्यावर आला रे आला, की सात नंबर आडवा. तो पडला की शेजारचे त्याची वाट पाहत थांबायचे, त्यांच्यामुळे त्यांचे शेजारी, आणि बघता बघता सगळी पंगत हात आखडून बसायची.

इमराननं काय नाही करून पाहिलं? मेमरी बदलली, पंखा बदलला, शेवटी अख्खं मशीनच उचलून त्या जागी दुसरं ठेवलं. दुसरंही त्याच ठिकाणी पडलं.

“मंजू, मशीनमंधी खोट नाई,” तो म्हणाला. दोघं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून वाढलेले, त्यामुळे तो तिला मॅडम-बिडम म्हणायच्या भानगडीत पडत नसे. “खोट तुह्या लिखाईत हाये.”

मंजुषाला हे झोंबलं. कारण डबे मोकळे करायची जी युक्ती तिनं लिहिली होती, तिच्यावर तिचा भारी जीव होता. आधी तिनं साधं करून पाहिलं होतं: निरोप निघाला, की लगेच डबा मोकळा. त्यानं असा घोळ घातला की विचारू नका. पलीकडच्या मशीननं निरोप उचलायच्या आतच त्या डब्यात दुसरं काहीबाही भरलं जायचं, आणि तेच पलीकडे पोचायचं. इंझोरी गावात उणे पाऊस पडला, म्हणजे जमिनीतून वर. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

म्हणून मग तिनं ठरवलं, घाई नको. पलीकडच्यानं आपलं उत्तर त्याच डब्यात भरून परत पाठवायचं. तुझ्याकडचं काही पाणी फुगून माझ्याकडे येत असेल, तर ते याच डब्यात घालून दे. डबा परत आला, म्हणजे निरोप पोचला हे कळलं, उत्तरही आलं. आता खुशाल मोकळा करा. एका दगडात दोन पक्षी. ही युक्ती सुचली तेव्हा तिनं स्वतःलाच शाबासकी दिली होती. आणि आता इमरान त्याच युक्तीकडे बोट दाखवत होता.

हे सगळं निवांतपणे सोडवता आलं असतं, पण मध्ये रामराव आले.

रामराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. रिठद गावी शेताचं मोठं वावर, आवाज त्याहून मोठा. परीक्षेचे जुने गठ्ठे ठेवायला त्यांना खोली पाहिजे होती, आणि साऱ्या कॉलेजात त्यांचा डोळा नेमका याच खोलीवर. दारात उभे राहून त्यांनी एकदा सगळी मांडामांड न्याहाळली.

“मंजुषाबाई, हे टिनटप्पर अजून किती दिवस घरघर करून राह्यणार हाये?”

“साहेब, एक बार पाऊस पुरा पडला की सगळं दाखवतो तुमाले.”

“म्हणजे अजून पुरा पडला नाई.”

खोटं बोलायची मंजुषाला सवय नव्हती, आणि खरं बोलून उपयोग नव्हता.

“सोमवारी सकाळी येतो,” रामराव म्हणाले. “माह्यासमोर शेवटपर्यंत चाललं, तर खोली तुमची. नाई चाललं, तर भंगारवाला फुलसिंग टेम्पो घेऊन गेटवर उभाच राह्यीन. मंग मले बोल लावू नका.”

ते गेले, आणि मंजुषा त्या वीस मशीनकडे बघत उभी राहिली. तासिकेवर शिकवणारी बाई ती, तिला कॉलेजात स्वतःचं टेबलही नव्हतं. होती ती ही खोली. पुण्याच्या कंपनीतून दोनदा बोलावणं आलं होतं, तिनं दोन्ही वेळा नाही म्हटलं, ते याच खोलीच्या भरवशावर. पुण्यात जाऊन दुसऱ्याच्या कामाला ठिगळं लावत बसायचं नव्हतं तिला. आपल्या मातीवरून पाणी कसं वाहतं हे शोधायचं होतं, ते इथंच, या टिनटप्परावर. खोली गेली तर ते गेलं. मग ती नुसती तास घेऊन घरी जाणारी बाई.

शनिवारी दिवसभर दोघं खोलीत बसले. सात नंबर आपल्या ठरल्या जागी पडत राहिला. मंजुषानं एक केलं मात्र: परत न येता अडकलेले डबे किती, ते प्रत्येक मशीनकडून पडद्यावर दाखवायला लावलं. तेव्हा कळलं की डबे थोडेफार सगळ्यांकडेच साचतात, पण सात नंबरकडे आकडा नुसता चढतो. उतरायचं नावच नाही. का चढतो, ते मात्र काही केल्या ध्यानात येईना.

रविवारी दुपारी ती घरी जेवायला बसली होती. मे महिन्याचं ऊन कौलांवर रणरणत होतं. तिच्या आईनं, प्रयागबाईनं, सकाळीच अंगणात गव्हाच्या कुरोड्या वाळत घातल्या होत्या आणि आता ती मंजुषाला वाढत होती. मंजुषाचं ताटात लक्ष नव्हतं. तेवढ्यात दारात इमरानची आई आली, नसीम खाला.

“प्रयागबाई, माह्ये डबे देतं का व?”

प्रयागबाई लाजली. ईदला खालानं शीरखुर्मा पाठवला होता, त्याचे दोन डबे आणि एक गंज, म्हणजे मोठं पातेलं, फळीवर घासूनपुसून ठेवलेले होते. ईद होऊन किती दिवस लोटले, पण डबे तिथेच.

“अव नसीमभाभी, ध्यानात हाये माह्या. कुरोड्या वाळू दे, भरून देतो. रिकामे कसे देऊ, बाई? शोभते का ते?”

“तेच तर झालं,” खाला दारातच बसली. “उद्या माह्याकडे पाहुणे येऊन राह्यले, अन् सालनाचा रस्सा काढाले घरात एक गंज नाई उरला. ईदले पुऱ्या गल्लीत वाटलं मी. जिले मागतो ते म्हणते, रिकामा कसा देऊ, भरून देतो. कोणाच्या कुरोड्या वाळाच्या हायेत, कोणाचं लोणचं मुराचं हाये. माह्ये सारे डबे लोकाईच्या फळीवर, अन् मी रिकाम्या हातानं. रिकामेच दे माय, मी काही वाईट नाई मानत.”

मंजुषाचा घास हातातच राहिला.

तिनं फळीकडे पाहिलं. मग खालाकडे पाहिलं. मग आईकडे. आणि तिला स्वतःच्या अकलेचं असं काही नवल वाटलं, की काय सांगावं. इतकी शिकली-सवरली बाई, पण वागली आपल्या आईसारखी. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे या गल्लीत लहानपणापासून अंगात मुरलेलं. तेच तिनं वीस मशीनना शिकवून ठेवलं होतं. ज्याच्याकडे परत द्यायला पाणी आहे, तो डबा भरून पाठवतो. ज्याच्याकडे नाही, तो धरून बसतो. आज नाही तर उद्या काहीतरी घालून देऊ.

आणि सात नंबर म्हणजे कुठली जमीन? शिरपूर जैन गावाच्या अंगची उंच. तिथून पाणी चारी बाजूंनी खाली उतरतं. खालून वर कुणाचं पाणी चढून येणार आहे? कुणाचंच नाही. तो आपला इमानेइतबारे सगळ्यांना वाटत सुटला होता, आणि त्याचे सगळे डबे दुसऱ्यांच्या फळीवर. मेमरी भरणार नाही तर काय होईल?

“आई, दे तिले. रिकामेच दे,” मंजुषा उठली.

“अव जेव तं खरी.”

“आता संध्याकाळी जेवतो.”

हात धुवायचंही भान नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी इमरानचं दुकान होतं. तो कुणाच्या तरी मोबाईलची पाठ उघडून बसला होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इमराननं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, आणि क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला.

“म्हणजे माही माय म्हणजे सात नंबर?”

“तुही माय म्हणजे सात नंबर. अन् माही माय म्हणजे बाकीचे सारे.”

“अन् मी तिकडे पंखे बदलून राह्यलो होतो,” तो म्हणाला आणि शटर ओढायला उठला.

कॉलेजवर पोचले तेव्हा लाईट होती, ही देवाची कृपा. लिहायचं म्हणाल तर फार नव्हतंच. निरोप उचलला, की पलीकडच्यानं तत्काळ, एक क्षण न दवडता, रिकामी पोच धाडायची: मिळालं. आत काही नको, लाज नको. ती पोच आली की इकडच्यानं डबा मोकळा करायचा. आणि परत द्यायला खरंच पाणी असेल, तर ते नंतर, आपल्या स्वतःच्या डब्यात. मंजुषानं एकदा लिहिलं, इमराननं शेजारी बसून मोठ्यानं वाचलं, एक ओळ वर-खाली झाली होती ती दुरुस्त केली, आणि पाऊस सुरू केला.

सात नंबरचा आकडा चढला. मग तो उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मंजुषाच्या तोंडून नकळत “उतर बाबा, उतर” असं निघत होतं, आणि तेवढ्यात लाईट गेली.

वीसही मशीन एकदम मुकी झाली. लाईट रात्रीपर्यंत काही आली नाही, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला, आणि पाऊस पुरा होताना दोघांनी पाहिलाच नाही. आता जे व्हायचं, ते रामरावांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा होणार. इमरान म्हणाला, होईन. मंजुषाही म्हणाली, होईन. दोघांचाही आवाज काही फार मोठा नव्हता.

सोमवारी सकाळी गेटवर खरंच टेम्पो उभा होता. फुलसिंग त्याच्या बोनेटला टेकून बिडी ओढत होता. त्याच्या बाजूनं मंजुषा आत गेली तेव्हा तिनं मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही. खोलीत रामराव येऊन बसलेले होते, सोबत प्राचार्य, दोन-तीन मास्तर आणि गंमत बघायला जमलेली पोरं. गंमत बघायला माणसं बरी लगबगीनं येतात.

“करा सुरू,” रामराव म्हणाले.

मंजुषानं बटण दाबलं. पडद्यावर जिल्हा उमटला, त्याच्यावर झड लागली. निळ्या रेघा उंचावरून निघाल्या आणि खाली खाली उतरायला लागल्या. बाजूला वीस आकडे. सातवा चढायचा, उतरायचा. चढायचा, उतरायचा.

नेहमीची जागा आली. तीच, जिथे दर वेळी सगळं संपायचं. मंजुषानं टेबलाची कड घट्ट धरली. इमरान दाराला टेकून उभा होता, तो पुढे सरकला. आकडा चढला, चढला, जरा जास्तच चढला. आणि मग तो झरझर खाली आला, पार शून्यावर, आणि पाऊस पुढे चालू राहिला.

कुणाला काही कळलं नाही. पोरं पडद्यावरच्या निळ्या रंगाकडे बघत होती. पण मंजुषाला आणि इमरानला माहीत होतं, की आत्ता काय झालं. ती जागा मागे पडली होती. त्याच्या पुढचा पाऊस त्या दोघांनीही कधी पाहिला नव्हता. नाले भरत होते, नद्या फुगत होत्या, पाणी एका मशीनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत होतं, आणि कुठेही कुणी अडून बसलं नव्हतं. तिला वाटलं, जोरात ओरडावं. ती ओरडली नाही, पण हसू काही तिला आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही. झड थांबली. पडद्यावर अक्षरं आली: काम पूर्ण. वीसही आकडे शून्य.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरं कशालाही टाळ्या वाजवतात म्हणा, पण या टाळ्या मंजुषानं मनापासून घेतल्या.

रामरावांनी टाळी वाजवली नाही. ते खुर्ची ओढून पडद्याजवळ आले.

“चाललं, हे खरं. पण खरं चाललं का निस्तं चाललं, हे कसं समजाचं? चित्र तं कोणीबी काढते. रिठदले माह्यं वावर हाये, नाल्याच्या काठी. त्यात पाणी कुठून शिरलं, सांगते का हे?”

मंजुषानं रिठद मोठं केलं, आणि गट नंबर विचारून त्यांचं वावर शोधलं. मग पाऊस मागे नेऊन हळूहळू पुढे सोडला. सगळे वाकून बघायला लागले. नाला काठोकाठ भरला, पण वावरात शिरला नाही. पाणी शिरलं ते दुसऱ्याच बाजूनं. सात नंबरच्या उंचीवरून निघालेली एक बारीक रेघ, तीन मशीनच्या शिवेतून उतरत उतरत, जुन्या पांदणीच्या गाडीवाटेनं वावराच्या पाठीमागून आत आली आणि रुंद झाली.

“साहेब, नाल्यातून नाई आलं,” मंजुषा म्हणाली. “मागून आलं. पांदणीकडून.”

रामरावांनी त्या रेघेवर बोट टेकवलं. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्यांनी काही केलं नाही.

“त्या टायमाले मी वावरात होतो,” ते म्हणाले. “मागून आलं पाणी. माह्या डोयानं पायलं मी. गावात सांगतलं, कोणी मानलं नाई. नाला समोर असून पाणी मागून कसं येईन म्हणे. माह्यं पोरगं हासलं माह्यावर. बुढ्याले भास झाला, म्हणे. मलेबी मंग वाटाले लागलं, झाला असन भास.”

मंजुषाच्या मनात आलं, सात नंबर पडला असता तर ही रेघ शिरपूरच्या अंगालाच तुटली असती, आणि हा माणूस जन्मभर स्वतःलाच खोटा मानत राहिला असता.

फुलसिंग दारात डोकावला. “साहेब, उचलू का माल?”

“कायचा माल?” रामराव वळले, आणि त्यांचा आवाज होता तसा परत आला. “माल दिसते का तुले हा? जाय, गाडी काढ गेटवरून.” मग त्यांनी शिपायाला हाक मारली. “या खोलीची किल्ली कोणापाशी राह्यते?”

“ऑफिसात, साहेब.”

“आण इकडे. आजपासून बाईंपाशी राह्यीन. त्याईले इचारल्याबिगर या खोलीत मीबी पाय ठेवणार नाई.”

शिपायानं किल्ली आणून दिली. मंजुषानं ती हातात घेतली, मुठीत घट्ट धरली, आणि इमरानकडे पाहिलं. इमरान भिंतीकडे तोंड करून कुठलीशी वायर नीट करत होता. ती वायर आधीच नीट होती.

“आता असं करा,” रामराव खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले, “माह्या पोराले बलावतो मी. तो आला का हे पुन्हा पयल्यापासून लावा. पुरं लावा. मधातून नाई.”

“पुरं लावतो, साहेब,” मंजुषा म्हणाली, आणि त्यांचं पोरगं दारात आलं तसं तिनं बटण दाबलं.